चिमुकल्या विमानाचे इंजिन : जुळणी आणि निदान

यंत्र अडले म्हणजे बहुतेक माणसे एकच उपाय करतात : हाताला जो स्क्रू लागेल तो फिरवितात. त्याने काही झाले नाही, तर दुसरा फिरवितात. अर्ध्या तासाने मूळचा बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हे ओळखण्याची सोयच उरत नाही. सोयाबीन-तुरीच्या फवारणीच्या दिवसांत पाठीवरचा पेट्रोल पंप बंद पडला म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी हे दृश्य पाहावयास मिळते. आज आम्ही ज्या इंजिनाविषयी बोलणार आहोत, ते या पंपाच्या इंजिनाचेच धाकटे भावंड आहे. रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानात ते बसवितात. त्याला ग्लो इंजिन म्हणतात.

विमानाची प्रतिकृती म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे, असा एक समज आहे. तो खरा नाही. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली आणि १९५० साली तिच्यात हवाई विभाग निघाला. या विभागाच्या अभ्यासक्रमात एअरोमॉडेलिंग हा विषय आहे. नागपूरला छात्रसेनेचे हवाई पथक आहे, आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात या विषयाच्या स्पर्धा होतात. म्हणजे विदर्भातील सामान्य घरचा विद्यार्थीही या इंजिनापर्यंत पोचू शकतो. आज विजेच्या मोटारींनी या क्षेत्रात मोठी जागा व्यापली आहे, हे खरे. तरी शिकण्याच्या दृष्टीने इंजिनाची सर मोटारीला नाही. मोटार चालते किंवा चालत नाही. इंजिन मात्र आपले दुखणे आवाजाने, धुराने आणि उष्णतेने सांगत असते. ते ऐकावयास कसे शिकावे, हाच आजचा विषय.

प्रथम त्याची रचना पाहू. नेहमीच्या आकाराच्या अशा इंजिनाचे आकारमान साडेसहा-सात घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या दीड चमच्याहून अधिक नाही. ते टू-स्ट्रोक पद्धतीचे असते : दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. स्कूटरच्या इंजिनात प्रत्येक स्फोटासाठी विजेची ठिणगी पाडावी लागते. येथे तशी काहीच योजना नाही. सिलिंडरच्या माथ्यावर ग्लो प्लग असतो व त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करावयाचे आणि इंजिन चालू लागले की सेल काढून घ्यावयाचा. यापुढे तार तापलेली कशी राहते? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. इंधनातील मेथिल अल्कोहोलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हवेशी संयोग पावते व त्यातून उष्णता निघते. शिवाय दाबलेल्या वायूची आणि आधीच्या स्फोटाची उष्णता असतेच. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ साली असा प्लग बाजारात आणला, आणि त्यामुळे चिमुकल्या विमानांवरील बॅटरी व ठिणगीच्या सामानाचे ओझे नाहीसे झाले.

इंधनात मुख्यतः तीन पदार्थ असतात. सर्वांत मोठा भाग मेथिल अल्कोहोलचा. नायट्रोमिथेन बहुधा शेकडा पाच ते पंधरा. ते स्वतःबरोबर प्राणवायू आणते व मंद गती स्थिर करते. तिसरा पदार्थ वंगणाचा, आणि येथे आपल्या ओळखीचे एक झाड पुढे येते. खनिज तेल मेथिल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. एरंडेल मात्र विरघळते आणि भयंकर उष्णतेतही धातूला चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातील नोम, ल रोन या फिरत्या इंजिनांनाही एरंडेलच लागे. आता कृत्रिम तेलेही वापरतात. तरी जाणते लोक त्यांत थोडे एरंडेल ठेवतात. ओसाड गावी एरंड बळी, अशी आपण ज्याची थट्टा करतो आणि शेताच्या धुऱ्यावर ज्याला कोपऱ्यातली जागा देतो, त्याचे तेल विमानविद्येच्या कामी आले आहे. मात्र केसांना लावावयाचे सुगंधी एरंडेल येथे चालत नाही. शुद्ध, गाळलेलेच हवे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कार्बोरेटरमध्ये एक सुई असते. ती उघडली की इंधन अधिक येते. याला मेकॅनिक मिश्रण रिच झाले असे म्हणतात. ती मिटली की इंधन कमी येते. ते लीन झाले. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. मेथिल अल्कोहोलच्या एका भागाला साडेसहा भाग पुरते. म्हणून हे इंजिन आकाराच्या मानाने इंधन फार पिते, आणि सुईवर त्याचे सारे आरोग्य अवलंबून राहते. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे तेल घालीत नाहीत. ते इंधनातूनच जाते. अर्थात इंधन कमी केले की वंगणही कमी होते, आणि त्याच वेळी उष्णता वाढते. एका चुकीची दुहेरी शिक्षा! रिच इंजिन सुस्त चालते, धूर ओकते, फार तर बंद पडते. लीन इंजिन काही क्षण झकास पळते आणि मग दट्ट्या व सिलिंडर ओरबाडून घेते. जे इंजिन ऐकावयास सर्वांत गोड वाटते तेच मरणाच्या सर्वांत जवळ असते, हे नवख्याला पटत नाही. आणि त्याची पहिली किंमत तो येथेच मोजतो.

जुळणीचा क्रम असा. सुई प्रथम कारखान्याच्या पत्रकात सांगितली असेल तितकी, बहुधा दोन-अडीच फेरे, उघडावी. इंधनाची टाकी साधारणपणे सुईच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. इंजिन सुरू करून अर्धा मिनिट गरम होऊ द्यावे, मग पूर्ण गती द्यावी. आरंभी आवाज जाड व गुरगुरता येईल आणि मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसेल. आता मागच्या बाजूस उभे राहून सुई थोडी थोडी मिटत जावी. आवाज चढत चढत एका टोकाला पोचतो. तेथे न थांबता सुई पुन्हा थोडी उघडावी, म्हणजे मिनिटाला दोन-तीनशे फेरे कमी होतील. ही मागे घेतलेली पायरीच विमानाला घरी आणते. कारण विमान नाक वर करून चढू लागले की टाकी इंजिनाच्या खाली जाते व इंधन कमी पोचते. जमिनीवर टोकाला नेलेले इंजिन आकाशात लीन होते. म्हणून उडण्यापूर्वी विमान घट्ट धरून, नाक आकाशाकडे करून पाहावे. आवाज टिकला किंवा किंचित चढला तर ठीक; पडला तर सुई अजून उघडावी.

दुसरी परीक्षा इंधनाच्या नळीची. पूर्ण गतीवर असताना ती क्षणभर चिमटीत दाबून सोडावी. आवाज किंचित चढून पूर्ववत झाला, तर जुळणी बरोबर. न चढता एकदम पडला, तर मिश्रण लीन आहे. बराच चढला, तर फार रिच आहे. पूर्ण गती जुळल्यावरच मंद गतीच्या स्क्रूकडे वळावे. आधी कधीही नाही. अर्धा मिनिट मंद चालवून एकदम गती द्यावी. इंजिन गुळण्या करीत, धूर टाकीत, हळूहळू उठले तर मंद मिश्रण रिच आहे. काहीही न बोलता जागीच मेले तर लीन आहे. एका वेळी एकच स्क्रू आणि तोही थोडासाच फिरवावयाचा, हा नियम मोडू नये.

एकदा जुळविलेली सुई कायमची का ठेवू नये, अशी शंका येईल. तिचे उत्तर आपल्या हवामानात आहे. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. तेवढ्याने हवा मुंबईपेक्षा शेकडा पाचच्या आसपास विरळ होते. शिवाय जानेवारीतील पहाटेचे बारा अंश आणि मे महिन्यातील दुपारचे बेचाळीस अंश यांच्यात हवेच्या घनतेचा फरक शेकडा दहाच्या घरात जातो. हवा विरळ झाली की तीच सुई रिच ठरते; थंडीत हवा दाट झाली की तीच लीन. उन्हाळ्यात जुळविलेले इंजिन हिवाळ्याच्या सकाळी तसेच उडविणे, हा त्याला जाळण्याचा सोपा मार्ग आहे. पावसाळ्यात निराळेच संकट येते. मेथिल अल्कोहोल हवेतील पाणी शोषून घेते. डबा उघडा राहिला की इंधन नासते आणि दोष मात्र सुईला लागतो. आपल्या काळ्या जमिनीची धूळही विसरू नये. या इंजिनांना बहुधा हवेची गाळणी नसते; म्हणून ते सतरंजीवर किंवा फळीवर सुरू करावे आणि इंधनाच्या नळीत बारीक जाळी बसवावी.

आता निदानाकडे येऊ. इंजिन सुरूच होत नसेल तर सुईला हात लावू नये. प्लग काढून सेल जोडून पाहावा : तार उजळ नारिंगी होते का? तार बरी असेल तर इंधन पोचते का, आणि इंजिन इंधनाने बुडाले तर नाही ना, हे पाहावे. सेल काढताच इंजिन बंद पडत असेल तर प्लग थकलेला असतो किंवा मिश्रण फार रिच असते. गती सारखी वरखाली होत असेल आणि सुई फिरवूनही स्थिर होत नसेल, तर दोष सुईचा नाही. कोठून तरी चोरून हवा शिरत आहे. टाकीतील नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र, कार्बोरेटरच्या बुडाचे रबरी कडे, मागील झाकणाची गॅस्केट, या तीन जागा पाहाव्यात. नळीतून बुडबुडे जाताना दिसले तर टाकी हादरून इंधनाला फेस येत आहे. टाकीभोवती स्पंज भरावा आणि पुढचा पंखा तोलून घ्यावा. पहिली अर्धी टाकी चांगली जाऊन पुढे इंजिन लीन होत असेल तर टाकीची पातळी किंवा सायलेन्सरमधून टाकीला दाब देणारी नळी तपासावी. इंजिन वारंवार तापत असेल तर पंखा मोठा आहे का, आणि नाकाच्या आवरणातून तापलेली हवा बाहेर पडावयास पुरेशी वाट आहे का, ते पाहावे. बाहेरची वाट आतल्या वाटेहून मोठी असावी लागते. सारांश, प्लग, इंधन, हवा आणि शेवटी सुई, असा हा क्रम आहे. बहुतेक लोक तो उलटा चालवितात.

येथपर्यंत इंजिनाच्या जिवाचा विचार झाला, आता माणसाच्या. दहा इंची पंखा मिनिटाला दहा हजार फेरे घेतो तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने धावत असते. ते डोळ्याला दिसत नाही, पण बोट सहज तोडते. म्हणून बोटाने पंखा फिरवू नये, रबर लावलेली दांडी किंवा स्टार्टर वापरावा. पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. उपरणे, ओढणी, सैल बाही दूर ठेवावी. मेथिल अल्कोहोलची ज्योत उन्हात जवळजवळ अदृश्य असते, आणि ते पोटात गेल्यास दृष्टी व प्राण दोन्ही जातात. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणी भागात याच विषाच्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. इंधनाचा डबा कुलपात, नाव लिहून आणि मुलांपासून दूर ठेवावा. सरबताच्या बाटलीत तर कधीच ठेवू नये. विमान २०२१ च्या ड्रोन नियमावलीच्या मर्यादेत, डोळ्यांसमोर आणि वस्तीपासून दूर उडवावे. काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन कोरडे पडेपर्यंत चालवून, आत तेलाचे थेंब टाकावेत. नाहीतर उरलेले इंधन ओल धरते आणि पुढच्या वेळी बेअरिंगे गंजलेली सापडतात.

पेट्रोलच्या फवारणी पंपाला ग्लो प्लग नसतो. ठिणगी असते आणि इंधनही निराळे. पण त्याचेही तेल पेट्रोलमधूनच जाते. तेव्हा तेल वाचविण्यासाठी मिश्रण पातळ करणारा आणि जोर वाढावा म्हणून स्क्रू मिटणारा शेतकरी तीच दुहेरी शिक्षा ओढवून घेतो. ऐन फवारणीत दट्ट्या धरला की दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि किडीने खाल्लेले पीक वेगळे. म्हणून शाळा-महाविद्यालयांतील ज्या मुलांना विमानांची आवड आहे, त्यांना आम्ही सांगू की, ही आवड बाळगा. आणि पालकांना सांगू की, तिला रिकामा नाद समजू नका. ज्या मुलाने चिमुकल्या इंजिनाचा आवाज ऐकून लीन आणि रिच ओळखले, तो उद्या बापाचा पंप बंद पडला तर प्रथम स्क्रूकडे धावणार नाही. तो प्लग काढून पाहील, नळी पाहील, पेट्रोलचा वास घेईल, आणि मगच पान्याला हात घालील.