दोन जेवणांच्या मधल्या काळातील यकृत

यकृताच्या कार्याचे विवेचन बहुधा पित्तापासून सुरू होते. ते स्वाभाविक आहे. पित्त डोळ्यांना दिसते, त्याची नलिका विच्छेदनात दाखविता येते. यकृत जे पदार्थ सरळ रक्तात सोडते त्यांना मात्र नलिका नाही, आणि म्हणूनच त्यांचा शोध उशिरा लागला. (मराठीत ज्याला आपण काळीज म्हणतो व ज्याचा अर्थ हृदय असा घेतो, तो शब्द मुळात यकृतवाचक 'कालेय' या संस्कृत शब्दापासून आला आहे, मांसविक्रेत्याकडील 'कलेजी'त तो जुना अर्थ अजून टिकून आहे.)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्युमा व बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचे मत प्रमाण मानले जात असे. शर्करा निर्माण करावी ती वनस्पतींनी आणि प्राण्यांनी ती केवळ जाळावी, असे ते मत होते. क्लोद बेर्नार यांनी १८४८ मध्ये पॅरिस येथे केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका नीलेतही त्यांना शर्करा आढळली. मांसाहारात शर्करा नसताना ती आली कोठून? मृत्यूनंतर यकृतातील रक्त मागे वाहते, हे ध्यानात येताच त्यांनी ती नीला यकृताजवळ बांधून टाकली. मग आतड्यांकडील रक्तात शर्करा सापडेना. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात मात्र ती भरपूर होती.

१८५५ चा प्रयोग याहून निर्णायक ठरला, आणि त्याचे निमित्त अगदी क्षुल्लक होते. एकाच यकृतातील शर्करेचे मापन बेर्नार दोन वेळा करीत असत. एकदा वेळेअभावी दुसरे मापन दुसऱ्या दिवसावर गेले, आणि शर्करा पहिल्यापेक्षा पुष्कळच अधिक भरली. ही तफावत चूक समजून सोडून देणे सोपे होते. बेर्नार यांनी तसे केले नाही. त्यांनी नुकत्याच मारलेल्या कुत्र्याच्या यकृतातून प्रवेशिका नीलेवाटे थंड पाण्याचा प्रवाह सोडून शर्करेचा अंशही राहू दिला नाही. ते धुतलेले यकृत तसेच ठेवले असता दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा विपुल शर्करा आढळली. अर्थात शर्करा रक्तातून आलेली नव्हती. यकृताच्या पेशींत साठविलेल्या कोणत्या तरी अविद्राव्य द्रव्यापासून ती बनत होती. ते द्रव्य, म्हणजे ग्लायकोजेन, त्यांनी १८५७ मध्ये वेगळे केले.

पेव्ही या त्यांच्याच इंग्रज शिष्याने आक्षेप घेतला, की ही सर्व शर्करा मरणोत्तर आहे. जिवंत प्राण्यात तसे घडत नाही. आक्षेप निराधार म्हणता येण्याजोगा नव्हता. त्याचे पूर्ण निरसन १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मान व मॅगाथ यांनी केले. यकृत संपूर्ण काढून टाकलेला कुत्रा प्रथम काही तास बरा दिसे. नंतर रक्तशर्करा घसरत जाऊन स्नायू दुर्बल होत, झटके येत व मृत्यू ओढवे. मरणासन्न प्राण्याच्या नीलेत ग्लुकोज सोडले, तर तो काही मिनिटांत उठून उभा राही.

या अवलंबित्वाचे कारण साध्या हिशेबाने समजते. प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात एकूण ग्लुकोज ४ ते ५ ग्रॅम एवढेच असते. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे ताशी ५ ग्रॅम ग्लुकोज वापरतो. रक्तातील साठा तासाभरातच संपावयाचा. तो संपत नाही, कारण यकृत उपाशीपोटी ताशी सुमारे ८ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडीत असते. जेवणानंतर त्यातील ग्लायकोजेन १०० ग्रॅमच्या आसपास असते. स्नायूंत याच्या चौपट ग्लायकोजेन असते खरे, परंतु ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून मुक्त ग्लुकोज करणारे एंझाइम स्नायूंत नसल्याने तो साठा त्यांच्यापुरताच उपयोगी पडतो. हे एंझाइम यकृतात जन्मतःच नसेल तर काय होते, हे फॉन गीर्के यांनी १९२९ मध्ये वर्णिलेल्या रोगात दिसते. यकृत ग्लायकोजेनने फुगलेले आणि बालक मात्र शर्करेवाचून निपचित. त्या एंझाइमाचा अभाव कार्ल व गर्टी कोरी यांनी १९५२ मध्ये दाखवून दिला.

साठा दिवसभरही पुरत नाही. म्हणून यकृत लॅक्टिक अम्ल, ग्लिसरॉल आणि स्नायूंतील प्रथिनांपासून येणारी ॲमिनो अम्ले यांपासून नवे ग्लुकोज घडविते. वृक्काचाही यात काही वाटा असतो. ॲमिनो अम्लांतील नायट्रोजन क्रेब्ज व हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलेल्या चक्राद्वारे यूरियाच्या रूपाने बाहेर जातो. या सर्व रचनेला ऊर्जा लागते आणि ती वसाम्लांच्या ज्वलनातून मिळते. उपाशी यकृत स्वतः चरबीवर जगते व मेंदूसाठी ग्लुकोज बनविते. ही साखळी मद्याने तुटू शकते. उपाशीपोटी अतिमद्यपान केलेल्या माणसाची रक्तशर्करा धोक्याच्या पातळीखाली जाते ती यामुळेच.

बिहारमधील मुझफ्फरपूर येथे ही साखळी लहान मुलांत तुटलेली आढळली. १९९५ पासून तेथे लिचीच्या हंगामात मुलांना पहाटे एकाएकी झटके येऊन बेशुद्धी येत असे, आणि दीर्घकाळ तो विषाणुजन्य मेंदूज्वर मानला जाई. २०१४ च्या हंगामात तेथील दोन रुग्णालयांत ३९० रुग्ण दाखल झाले, १२२ दगावले. शर्करा मोजलेल्या ३२७ जणांपैकी २०४ जणांत ती दर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अन्वेषणात आजाराचा संबंध लिची खाण्याशी व रात्रीचे जेवण न घेण्याशी आढळून आला. लिचीत हायपोग्लायसिन व त्याच्याशी निकटचे आणखी एक ॲमिनो अम्ल असते. जमैकातील कच्च्या ॲकी फळाचे विषही हेच हायपोग्लायसिन. ही द्रव्ये वसाम्लांचे ज्वलन रोखतात.

मुलाचा मेंदू देहाच्या मानाने मोठा, यकृत लहान. त्यात कुपोषण असले तर ग्लायकोजेनचा साठा मुळातच तोकडा. रात्री जेवण नाही, म्हणून पहाटेपर्यंत साठा संपतो. मग नवे ग्लुकोज घडवावयाचे, तर त्यासाठी लागणारी ऊर्जाच अडविलेली. प्रौढ किंवा पोटभर जेवलेले मूल तीच लिची खाऊन सुखरूप राहते, याचा उलगडा येथे होतो. उष्मा व अन्य कारणांचाही यात वाटा असावा असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे; २०१९ मध्ये शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा तो वाद पुन्हा निघाला. उपचाराविषयी मात्र मतभेद नाही. मूल बेशुद्ध आढळताच प्रथम रक्तशर्करा पाहावयाची, ती कमी असल्यास तत्काळ नीलेवाटे ग्लुकोज द्यावयाचे, आणि गावोगावी सांगावयाचे ते हे, की हंगामात कोणतेही मूल रात्री जेवल्याशिवाय झोपू नये.