लगाम जरा सैल सोडा!

वरातीतली घोडी बघितलीय ना? मान कमानीसारखी वळलेली, हनुवटी छातीला टेकायला आलेली. आपण लगेच म्हणतो, ‘काय रुबाब आहे!’ घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं. पण मैत्रिणींनो, हा रुबाब घटकाभराचा आणि सपाट डांबरी रस्त्यावरचा. डोंगरवाटेवरच्या घोड्याला अशी मान धरायला लावली तर तो बिचारा पाय बघून कसा टाकणार?

बचत गटाच्या कामानिमित्त माझं माथेरानला वरचेवर जाणं होतं. गटातल्या कितीतरी जणींच्या घरची चूल घोड्यावर पेटते. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हापासून या घरांत काळजीनं मुक्कामच ठोकलाय. अशात घोडा अडखळला, गिऱ्हाईक पडलं, की संपलंच. आमच्या गटातल्या एकीची घोडी अशीच बदनाम झाली होती. लगाम हातात घेतला रे घेतला की मान झटकायची, तोंड आभाळाकडे करायची आणि उतारावर ठेचकाळायची. नवऱ्यानं जास्त कडक कडियाळं लावलं, वर तोंडापासून पोटाखालच्या तंगापर्यंत पट्टा आवळला. घोडी आणखीच बिथरली. विकून टाकायची भाषा सुरू झाली. तिचं कर्ज मात्र अजून फिटलं नव्हतं!

जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर होतं, तिथं घोडीला नेलं. डॉक्टरांनी लगामाला हातही लावला नाही. आधी तोंड उघडून दाढा बघितल्या, मग खोगीर उतरवून पाठीवरून बोटं फिरवली. दाढांना धार आलेली, पाठ दुखरी. मान वर जाते ती माजामुळे नाही, दुखण्यामुळे, असं त्यांचं निदान.

त्यांनी समजावलेलं मला फार पटलं. कडियाळं बसतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर आणि जिभेवर. तिथं हिसका बसला की घोडा तोंड वर करून सुटका शोधतो. मान वर गेली की पाठ खाली दबते, खोगीर आणखी रुततं, म्हणून मान आणखी वर. आपण म्हणतो, ‘घोडा ऐकत नाही, लगाम आवळा.’ सासुरवाशिणीला पूर्वी असंच वळण लावायचे, नाही का?

दुसरी गोष्ट डोळ्यांची. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि नाकाखालचं दिसत नाही. पुढचा दगड, पायरी, खळगा न्याहाळायला त्याला डोकं खालीवर करावंच लागतं. शिवाय डोकं आणि मान मिळून त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे तीनशे किलोच्या तट्टाला तीसेक किलो! दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातात आडवी काठी असते ना, तसं हे वजन तो तोल सावरायला वापरतो. ती काठीच बांधून टाकली तर?

कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप नावाची लांब पल्ल्याची शर्यत होते. सिएरा नेवाडाच्या डोंगरातून शंभर मैल, चोवीस तासांत. वाटेत डॉक्टर घोड्याची नाडी, चाल, पाठ तपासतात; मानेच्या कमानीला तिथं कुणी गुण देत नाही. चढ-उताराला स्वार लगाम सैल सोडतो. आणि तोंड खाली बांधून ठेवणारा पट्टा? खोल पाण्यात तर तो जिवावरच बेततो, कारण घोड्याला नाक पाण्याबाहेर काढता येत नाही.

मग मान सरळ-सैल ठेवायला शिकवायची कशी? आमच्या या मैत्रिणीनं ते पावसाळ्यात केलं, गिऱ्हाईक कमी असताना. नवरा आधी हसला. डॉक्टरांनी दाढा घासून दिल्या, पाठ बरी होईपर्यंत खोगीर बंद. चारा उंच टांगायचा सोडून जमिनीवर टाकायला लागली, की मान आपोआप खाली. मग तोंडात कडियाळं न घालता साधी मोरकी आणि दोर. दोराला खाली अगदी हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. घोडीनं बोटभर जरी मान खाली केली, तरी त्याच क्षणी ताण सोडायचा. सगळी गोम या सोडण्यात आहे. ओढण्यानं घोडा शिकत नाही, सुटका कधी मिळाली त्यावरून शिकतो. उशिरा सोडलं तर त्याला काहीच कळत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. मग अंगणात बांबू आडवे टाकून त्यावरून चालवणं, म्हणजे ती स्वतःच खाली बघून पाय उचलते. शेवटी छोटे चढ-उतार, आणि मग कुठं खोगीर.

मान सतत खाली लोंबलेलीही नको हं! मग सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि घोडा अडखळतो. सपाटीवर डोकं खांद्याच्या उंचवट्याच्या पातळीला किंवा थोडं वर, नाक जरा पुढं, मागचे पाय पोटाखाली येताहेत, पाठ डुलतेय, एवढं दिसलं की पुरे. अवघड जागी मान कुठं ठेवायची ते तिचं तिला ठरवू द्यायचं.

दिवाळीच्या गर्दीला घोडी कामावर आली. ठेचकाळणं थांबलं. पाहुण्यानं फोटोसाठी लगाम खेचला की मात्र अजूनही तोंड वर करते; ती आठवण काही जात नाही. त्यावर नवरा-बायकोनं तोडगा काढलाय. लगाम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच नाही. दोर नवऱ्याच्या हातात, आणि पाहुण्यांना खोगिराची पुढची कडी धरायला सांगायचं. काहीजण कुरकुरतात, ‘मग घोडा चालवल्याची मजा काय?’ त्यांना तो शांतपणे म्हणतो, ‘साहेब, तुम्ही दरी बघा, वाट ती बघेल.’