स्थावर मिळकतींची सूचिगत माहिती : वापराचे नियम

विक्रीसाठी वा भाड्याने उपलब्ध असलेल्या जमिनी, घरे, दुकानगाळे इ. मिळकतींचे स्थान, क्षेत्रफळ, किंमत, धारक व पूर्वीचे व्यवहार यांविषयी एकत्र केलेल्या माहितीस सूचिगत माहिती म्हणता येईल. तिचे दोन प्रकार पडतात : शासकीय अभिलेखांतील माहिती व दलाल, विकासक किंवा जाहिरातसंस्था यांनी संकलित केलेली माहिती. अमेरिकेत स्थानिक दलालांच्या संघटना सामाईक सूची ठेवतात आणि सभासदांना तिचे नियम पाळावे लागतात. भारतात अशी देशव्यापी बंधनकारक सूची नाही; त्यामुळे या माहितीच्या वापरास निरनिराळे अधिनियम लागू होतात. माहिती पाहावयास खुली असणे, ती वापरण्याचा अधिकार असणे आणि ती पूर्ण असणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद पुण्यातील बुधवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत विशेष जाणवतो.

शासकीय अभिलेख : नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार दुय्यम निबंधकाकडील पुस्तक क्र. १ व २ आणि पुस्तक क्र. १ च्या सूची विहित फी भरून कोणासही पाहता येतात. स्थावर मिळकतीच्या दस्तांचा तपशील देणारी सूची क्र. २ यांत येते. उलट, पुस्तक क्र. ४ मधील किरकोळ दस्तांच्या नकला केवळ संबंधित पक्षांना वा त्यांच्या प्रतिनिधींना मिळतात. शहरातील जागांसाठी नगर भूमापन अधिकारी मिळकत पत्रिका ठेवतात. तीत नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारणाप्रकार, धारकाचे नाव व फेरफार यांची नोंद असते. संकेतस्थळावर केवळ पाहण्यासाठी दिलेला उतारा कायदेशीर कामासाठी चालत नाही. त्यासाठी फी भरून अंकीय स्वाक्षरीची किंवा प्रमाणित प्रत घ्यावी लागते. अभिलेख खुला ठेवण्याचा हेतू खरेदीदाराचे संरक्षण हा आहे.

जाहिरात : स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये प्रकल्पाची नोंदणी केल्याखेरीज प्रवर्तकास सदनिकांची जाहिरात, आरक्षण वा विक्री करता येत नाही. कोणत्याही माध्यमातून दिलेली जाहिरात या व्याख्येत येते. तीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता व नोंदणी क्रमांक ठळकपणे देणे आवश्यक असते. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाचा क्यूआर संकेत छापणेही सक्तीचे आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या दलालासही स्वतःची नोंदणी करावी लागते. खोट्या जाहिरातीवर विसंबून अनामत भरणाऱ्यास झालेल्या हानीची भरपाई मागता येते (कलम १२). नोंदणीविना जाहिरात केल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

संकलनावरील हक्क व परवाना : प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संकलने व संगणकीय माहितीसंच यांचा समावेश साहित्यकृतीत होतो. तथापि किंमत, क्षेत्रफळ यांसारख्या सुट्या तथ्यांवर कोणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक (२००७) या खटल्यात केवळ श्रम पुरेसे नसून निवड व मांडणी यांत कौशल्य व विवेक दिसला पाहिजे, असे ठरविले. यूरोपीय संघात १९९६ पासून माहितीसंचाला स्वतंत्र हक्क आहे. भारतात तसा हक्क नाही. असे असले, तरी जाहिरातीतील छायाचित्रे व वर्णने संरक्षित असू शकतात आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातून माहिती उतरवून घेणाऱ्यावर भरपाईचे दायित्व येते. म्हणून परवाना लेखी घ्यावा लागतो. त्यात प्रयोजन, मुदत, प्रदेश, पुनर्विक्री व अद्ययावतता यांच्या अटी स्पष्ट असाव्यात; मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची व प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता समजला जातो.

वैयक्तिक माहिती : धारकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक ही वैयक्तिक माहिती होय. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. व्यक्तीने स्वतः किंवा कायद्याच्या बंधनामुळे अन्य कोणी सार्वजनिक केलेली माहिती त्यातून वगळली आहे. खाजगी यादीसाठी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकास मात्र ही सूट आपोआप लागू होत नाही.

बुधवार पेठेतील स्थिती : या पेठेतील जुन्या वाड्यांत सामाईक धारक व पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आढळतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २०००) याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले. त्यापूर्वीच्या, महिन्याच्या पावतीवर चालत आलेल्या भाडेकरूचे नाव सूची क्र. २ मध्ये सहसा सापडत नाही व मिळकत पत्रिकेवर धारकच दिसतो. मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व्यक्तीच्या हक्काची खरेदीदारास जाणीव होती, असे मानले जाते; ‘सूचीत नाव नव्हते’ हा बचाव पुरत नाही. याच पेठेतील भिडे वाडा, जेथे १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेथील भूसंपादनाचा भाडेकरूंशी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडण्यात आला. शिवाय ५०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास २०१६ च्या अधिनियमान्वये नोंदणीची सक्ती नाही. साहजिकच लहान वाड्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसणे हा दोष ठरत नाही. परंतु त्यामुळे खरेदीदारास प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा आधारही मिळत नाही. अशा वेळी मिळकत पत्रिकेची प्रमाणित प्रत, सूची क्र. २ चा शोध, महानगरपालिकेची बांधकाम परवानगी व जागेवरील प्रत्यक्ष पाहणी या चारही गोष्टी करणे अगत्याचे ठरते.