पुठ्ठ्याचा किल्ला विकायचा असेल तर आधी खोका मोजा

व्हिडिओत पुठ्ठा कापणारे हात दिसतात, हिशेब दिसत नाही. त्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच, की "सर, माल तर फुकटचाच आहे, मग सगळा नफाच ना?" नाही. कसं ते सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायचा छंद जगभर आहे, त्याला मिनिएचर वॉरगेम म्हणतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं त्याच्या नियमांचं पुस्तकच काढलं. या खेळात सैनिक एकीकडून येतात आणि टेकड्या, झाडं, भिंती दुसरीकडून. आपण बनवायची ती ही जमीन. आणि हे आपल्याला नवीन कुठंय? पुणे, सातारा, कोल्हापूरकडे दिवाळीत दारासमोर किल्ला करतात, बाजारातून मावळे आणतात. मावळा विकत, किल्ला घरचा. आता फ्लॅटमध्ये माती कुठून आणणार? तिथे तयार किल्ल्याला जागा आहे. त्यात जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. शाळांच्या प्रकल्पांतही किल्ला मागितला जातो.

पण सगळे रायगड आणि प्रतापगडच्या मागे लागतात. माझं मत विचाराल तर गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाने डोंगरी किल्ल्याच्या नादी लागू नये. साधा हिशेब बघा. दोन इंची मावळा म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण बत्तिसावा भाग. त्याच मापाने ३०० मीटरचा डोंगर केला तर नऊ मीटर उंच होईल, म्हणजे तीन मजली घर! म्हणून डोंगरी किल्ल्यात दरवाजा मावळ्याच्या गुडघ्याएवढा होतो आणि मावळा राक्षस दिसतो.

आपल्याकडे चंद्रपूरचा परकोट आहे, गोंड राजांचा. सपाट जमिनीवर, चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या. भिंत, बुरूज, भिंत, दरवाजा, पुन्हा भिंत. म्हणजे तीनच साचे आणि त्यांची कितीही मोठी जुळणी. गिऱ्हाईक यंदा चार भिंती घेईल, पुढल्या दिवाळीला अजून चार मागेल. डोंगर एकदाच विकला जातो. दरवाज्यावर हत्तीला दाबणारा सिंह, हे गोंड राजचिन्ह, छोटं का होईना पण लावा. पुण्याचा माणूस विचारणारच, हे काय आहे म्हणून. तिथूनच विक्री सुरू होते.

माप सैनिकावरून ठरवा. भिंत दहा सेंटिमीटर, दरवाज्याची कमान साडेसात. भिंतीच्या आतली फांजी, म्हणजे पहारेकऱ्याची चालायची वाट, मावळ्याच्या बैठकीपेक्षा रुंद हवी. मावळा उभाच राहिला नाही तर पोरगं दोन मिनिटांत किल्ला सोडून मोबाईल घेतं. वॉरगेमवाल्यांचा सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचा असतो, त्यांच्यासाठी हाच साचा ५६ टक्क्यांवर काढायचा.

सामान किराणा दुकानाच्या मागे पडलेलं असतं. खोक्यांचा पुठ्ठा, रद्दी, अंड्यांचे कागदी ट्रे. ट्रे नखाएवढे फाडून चिकटवले की दगड तयार. पण सगळ्या भिंतीला लावत बसाल तर दिवस जाईल. फक्त कोपरे आणि कमान. बाकी भिंतीला चाळलेली रेती आणि फेविकॉल. रद्दीचा थर पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंनी द्या, एकाच बाजूने दिला तर वाळताना भिंत वाकते. आधी गडद रंग, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका राखाडी नुसता घासायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात. आरामशीनचा बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत होतं, सुकलेल्या घोसाळ्याची जाळी कापून रंगवली की झाडं. वाळलेली चहाची पत्ती म्हणजे माती. बांबूच्या काड्या बुरडाकडे उरलेल्या मिळतात, त्या विकत घ्या. जंगलातून काही तोडून आणू नका.

दोन गोष्टी टाळा. थर्माकोल हलकं आणि सोपं, पण महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी त्यावर बंदी आहे. शिवाय स्प्रे पेंट मारला की ते विरघळतं. दुसरं, कणकेची खळ. तिला कीड लागू नये म्हणून बायंडिंगवाले मोरचूद घालतात. ते विष आहे, आपली वस्तू मुलांच्या हातात जाणार. फेविकॉलच वापरा, पाणी घालून पातळ करून.

आता पैसा. समजा एका संचाला, म्हणजे चार बुरूज, तीन भिंती, एक दरवाजा, ९० रुपयांचं सामान लागलं. एकटा संच करायला सहा तास. तासाला ५० रुपये धरा, झाले ३००. मजुरी सामानाच्या तिपटीहून जास्त! हेच दहा संच एकत्र घेतले, एक दिवस नुसतं कापणं, एक दिवस नुसतं चिकटवणं, आणि तीन तासांवर आलं तर मजुरी १५०. तुमच्या हाताचा वेग घड्याळ लावून मोजा, माझा आकडा घेऊ नका.

त्यानंतर कुरिअर, आणि इथेच बहुतेक जण फसतात. हलक्या मोठ्या खोक्याला वजनाने नाही, आकाराने पैसे लागतात. बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ३२ × ३२ × २० चा खोका म्हणजे ४.१ किलो, आत माल किलोभर का असेना. म्हणून बुरूज आणि भिंती तळाला उघड्या आणि वर किंचित निमुळत्या करा, वाट्यांसारख्या एकात एक बसतील अशा. मग खोका ३२ × २२ × १८ वर येतो, म्हणजे अडीच किलो. गडचिरोलीहून पुण्याला माल पाठवणाऱ्याचा नफा या निमुळतेपणात आहे, रंगात नाही.

वेळापत्रक उन्हावर लावा. मार्च ते मे आपल्याकडचं ऊन फुकटची भट्टी आहे, तेव्हा माल करा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, तेव्हा फक्त पॅकिंग आणि ऑर्डर. दिवाळीपर्यंत पैसे अडकून राहतील, त्यामुळे पहिल्या वर्षी कर्ज काढून शंभर संच करू नका. वीस करा.

आणि विसावा संच विकू नका. पॅक करा, कमरेच्या उंचीवरून फरशीवर तीनदा सोडा, मग उघडून बघा कुठला बुरूज फुटला ते.