परक्याकडून आलेली कागदांची पुडकी

१९६० सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीने ॲडले स्टीव्हन्सन यांना भेटीला बोलावले. हे गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी १९५२ आणि १९५६ साली उभे राहून दोन्ही वेळा पडलेले. वकील मेन्शिकोव्ह यांनी खिशातून कागद काढला आणि क्रुश्चेव्ह यांचा निरोप ऐकवला. आपण पुन्हा उभे राहावे, असा निरोपाचा रोख. आणि त्यात विचारणा अशी, की आमच्या वर्तमानपत्रांनी आपली स्तुती केली तर आपला फायदा होईल, की निंदा केली तर? स्टीव्हन्सन यांनी नम्रपणे नकार दिला, आणि पुढे पत्र लिहूनही तोच कळवला.

त्या वेळी परकीयांकडून निवडणुकीसाठी मदत घेऊ नये, असे स्पष्ट सांगणारा कायदा अमेरिकेत नव्हता. तो १९६६ साली आला. परदेशांचे हस्तक वॉशिंग्टनमध्ये काय काय खटपटी करतात, याची सिनेटने चौकशी केली होती. साखरेच्या आयातीचा कोटा मिळवण्यासाठी चाललेली धडपडही तीत उघड झाली. (साखर आली की राजकारण आलेच, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.) १९७४ साली ही बंदी निवडणूक कायद्यात गेली, आणि २००२ साली तिची भाषा अधिक कडक झाली. परकीय माणसाने अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत पैसा ‘किंवा दुसरी मोलाची वस्तू’ देऊ नये, आणि कोणी ती मागू नये, घेऊही नये. सगळा वाद आहे तो या ‘मोलाची वस्तू’ शब्दांचा.

आता असे पाहा. निवडणूक आली की प्रतिस्पर्ध्याची कुंडली काढली जाते. कुठे काय बोलला, कोणत्या ठरावावर कसे मत दिले, कर्ज बुडवले का, कोर्टात काय झाले. यात गैर काही नाही. बरेचसे कागद सरकारी दप्तरात कोणालाही पाहता येतात. अमेरिकेत हे काम करणाऱ्या पेढ्याच आहेत आणि त्या भरपूर पैसे घेतात. मग जे काम बाजारात पैसे मोजून मिळते, ते परक्याने फुकट करून दिले तर ती देणगी नव्हे काय? एका पक्षाचे म्हणणे असे. दुसरा पक्ष विचारतो, माहिती म्हणजे का ज्वारीचे पोते आहे, तराजूत घालायला? उद्या एखाद्या परदेशी माणसाने उमेदवाराविषयीची खरी गोष्ट सांगितली आणि ती ऐकून घेतली, तर ऐकणाऱ्याला तुरुंगात घालणार का? अमेरिकेच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्याला फार वरचे स्थान आहे, तेव्हा ही शंका पोकळ नाही.

२०१६ साली दोन प्रकरणे घडली, आणि माणसे ती नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिले ९ जूनचे. हिलरी क्लिंटन यांना अडचणीत आणणारी माहिती रशियाकडून मिळेल, असे कळवण्यात आल्यावरून डोनाल्ड ट्रम्प यांचे चिरंजीव न्यूयॉर्कमध्ये एका रशियन वकीलबाईंना भेटले. उपयोगाचे असे काही हाती लागले नाही. पण मागणे हासुद्धा गुन्हाच आहे ना! विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांनी २०१९ च्या अहवालात म्हटले, की अशी माहिती ‘मोलाची वस्तू’ ठरू शकेल असे म्हणता येते; मात्र फुकट मिळालेल्या माहितीला तसे ठरवणारा कोणताही न्यायनिवाडा नाही. शिवाय आपण कायदा मोडतो आहोत हे त्यांना ठाऊक होते, हे सिद्ध करायला हवे. आणि मोठ्या गुन्ह्यासाठी माहितीची किंमत २५,००० डॉलर भरायला हवी. खटला भरला नाही.

दुसरे प्रकरण ख्रिस्तोफर स्टील यांचे. हे इंग्रज, पूर्वी ब्रिटिश हेरखात्यात होते. क्लिंटन यांची प्रचारसमिती आणि त्यांचा पक्ष यांनी वकिलांची पेढी, तिने संशोधनाची पेढी, आणि तिने स्टील, अशा साखळीने ट्रम्प यांच्याविषयीचे अहवाल मिळवले. येथे मोबदला दिला होता. परदेशी माणसाला पैसे देऊन काम करून घेतले, तर ती त्याने दिलेली देणगी होत नाही. म्हणजे विकत घेतलेले चालते आणि फुकटचे चालत नाही! ऐकायला उफराटे वाटते खरे, पण बंदी देणगीवर आहे, व्यापारावर नाही. तरी २०२२ मध्ये पक्षाला १,०५,००० आणि प्रचारसमितीला ८,००० डॉलर दंड भरावा लागला. कारण वेगळेच : हा खर्च हिशेबात ‘कायदेशीर सल्ला’ म्हणून दाखवला होता.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेली आपली मराठी मुलेही या कायद्यात येतात. कायम रहिवासाचा परवाना असेल तर देणगी देता येते. नुसता नोकरीचा व्हिसा असेल तर एक डॉलरही नाही. मोबदला न घेता स्वतःचा वेळ देऊन प्रचाराला हातभार लावता येतो, एवढीच सवलत. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या दोघांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवून मागितली होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

परक्याने मदत देऊ केली तर ती सरकारला कळवलीच पाहिजे, असे विधेयक ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले, आणि त्याचा कायदा झाला नाही.