शुद्ध भाषा आणि अशुद्ध न्याय

काही वर्षांपूर्वी अध्यापकाच्या एका जागेसाठी नेमलेल्या निवड समितीवर बसण्याचा प्रसंग मला आला. एका उमेदवाराला शेतमजुरांच्या प्रश्नाविषयी विचारण्यात आले. त्याचे उत्तर मुद्देसूद होते, आकडे अचूक होते. उत्तराच्या ओघात तो म्हणाला, "ही माहिती मला जनगणनेच्या अहवालात भेटली." त्यावर समितीतील एक ज्येष्ठ सदस्य उद्गारले, "माणसे भेटतात, माहिती मिळते." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तो तरुण प्रत्येक शब्द तोलून बोलू लागला आणि सारे लक्ष शब्दांकडेच गुंतल्यामुळे पुढच्या सोप्या प्रश्नांनाही अडखळला. त्याची निवड झाली नाही. ज्या इतिवृत्तावर आम्ही सह्या केल्या, त्यात 'उपरोक्त उमेदवार' आणि 'विषयतज्ञ' असे शब्द होते. संस्कृत व्याकरणाप्रमाणे ते 'उपर्युक्त' आणि 'तज्ज्ञ' असे हवेत. त्या दिवशी ते आमच्यापैकी कोणालाही खटकले नाहीत.

प्रसंग किरकोळ वाटेल. परंतु एका माणसाच्या उपजीविकेचा निर्णय त्यात झाला, आणि असे निर्णय शाळांतून, कचेऱ्यांतून, बँकांतून नित्य होत असतात. म्हणून भाषेतील चुकांवरून आपण माणसांची जी पारख करतो, तिचीही एकदा पारख व्हावयास हवी.

चुकांमधील उच्चनीचता

मराठीत चुकांचे दोन वर्ग आपण नकळत पाडले आहेत. 'पाणी'चे 'पानी', 'आणि'चे 'आनि', 'म्हणाला'ऐवजी 'बोलला', 'मिळाले'ऐवजी 'भेटले' असे काही कानावर येताच बोलणाऱ्याचे गाव, घर आणि पुष्कळदा जातही आपण मनाशी ठरवून टाकतो. दुसऱ्या वर्गातील चुका सुशिक्षितांच्या असतात. 'दुरवस्था'चे 'दुरावस्था', 'मथितार्थ'चे 'मतितार्थ', 'कोट्यधीश'चे 'कोट्याधीश', 'साहाय्य'चे 'सहाय्य' ही रूपे व्यासपीठावर आणि छापील मजकुरात सर्रास आढळतात. 'अपरोक्ष' या शब्दाची कथा तर याहून विलक्षण आहे. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड आणि 'अपरोक्ष' म्हणजे प्रत्यक्ष. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'अपरोक्षानुभूती' या ग्रंथाच्या नावात हाच अर्थ आहे. आपण मात्र 'माझ्या अपरोक्ष त्याने माझी निंदा केली' असे म्हणून शब्दाचा अर्थ नेमका उलटा करतो. 'माहिती भेटली' या वाक्यात अर्थाचा असा विपर्यास मुळीच नाही. हिंदीत तर 'मिलना' या एकाच क्रियापदाने दोन्ही अर्थ भागतात. तरीही आपण हसतो ते 'भेटली'ला, 'अपरोक्ष'ला नव्हे. याचा अर्थ उघड आहे. चूक केवढी आहे यापेक्षा ती कोणाच्या तोंडून निघाली, यावर आपला निवाडा ठरतो.

असे का व्हावे? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली नोकरीच्या बाजारपेठेविषयी एक मूलगामी विवेचन केले. २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. उमेदवाराची खरी कुवत मालकाला आधी कळत नाही, म्हणून तो पदवीसारख्या एखाद्या दृश्य खुणेवरून तिचा अंदाज बांधतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु अशी खूण विश्वसनीय ठरण्यास एक अट आहे. ती मिळवणे कुवत असलेल्यास तुलनेने सोपे आणि नसलेल्यास अवघड असले पाहिजे. शुद्ध उच्चार ही अट पुरी करीत नाही. ज्याच्या घरात प्रमाणभाषा बोलली जाते, त्याला ती विनासायास लाभते. ज्याच्या घरात बोली आहे, त्याला तीच खूण वर्षानुवर्षांच्या कष्टाने मिळवावी लागते. म्हणजे आपण मोजतो जन्मस्थान, आणि समजतो मात्र बुद्धी मोजली.

हा प्रकार नवा नाही. जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाचाही उपहास केला. व्याकरणाचे दोष दाखवल्याने त्या ग्रंथातील प्रश्नांना उत्तर मिळाले, असे मात्र झाले नाही. आजही बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांवर आपण डोलतो. तीच खानदेशी बोली नोकरी मागावयास आलेल्या तरुणाच्या मुखातून ऐकू आली, की ती आपल्याला अशुद्ध वाटू लागते.

नियमांचे स्थान

मग नियमच नकोत काय, असा प्रश्न कोणी करील. नियम हवेतच. प्रमाणभाषा ही वजनामापांसारखी सार्वजनिक सोय आहे. गडचिरोलीहून आलेला अर्ज सिंधुदुर्गातील कारकुनाला निःसंदिग्धपणे समजला पाहिजे. 'प्रजासत्ताक दिन'ऐवजी फलकावर 'प्रजासत्ताक दीन' लिहिले गेले, तर तेथे दिवस जाऊन दैन्य येते. ते दुरुस्त केलेच पाहिजे. पण वजनेमापे ठरावाने बदलतात, तसे लेखनाचे नियमही बदलतात, हे विसरू नये. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यामुळे 'नाहीं', 'कांहीं' यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले, 'कवि'चा 'कवी' झाला. आदल्या दिवशीचे शुद्ध दुसऱ्या दिवशी अशुद्ध ठरले. पण म्हणून जुन्या वळणाने लिहिणारी पिढी एकाएकी अडाणी झाली नाही. नियम हा संकेत आहे. त्याचे ज्ञान हे एक कौशल्य आहे. त्यावरून माणसाच्या बुद्धीचा किंवा चारित्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

तेव्हा शिक्षकांनी चुका अवश्य दाखवाव्यात; मात्र त्या वहीत दाखवाव्यात, वर्गापुढे नव्हे. अर्थशास्त्राच्या उत्तराला गुण अर्थशास्त्राचे द्यावेत. ज्या पदाला निर्दोष लेखन आवश्यक आहे, त्यासाठी लेखी परीक्षा घ्यावी आणि ती सर्वांसाठी एकच असावी. आणि दुसऱ्याच्या शब्दाला हसण्यापूर्वी आपण ज्या कागदावर सही करणार आहोत तो एकदा नीट वाचावा.

तो कागद त्या दिवशी मी वाचला असता, तर कदाचित हसलो नसतो. हसलो नसतो, तर त्या तरुणाला पुढचा प्रश्न धीराने विचारता आला असता. त्याचे उत्तर त्याला येत होते, अशी माझी आजही खात्री आहे.