चेक परत आला? आधी मेमो बघा

मनीषनगरात घरभाड्यापासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत चेक अजून चालतात, म्हणून परतही येतात. भांडायला काउंटरवर जाण्याआधी रिटर्न मेमो हातात घ्या. परतीचं कारण त्यावरच छापलेलं असतं. ‘अपुरी शिल्लक’ असेल तर वाद चेक देणाऱ्याशी, बँकेशी नव्हे: मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा, तो पैसे द्यायला 15 दिवस घेऊ शकतो.

पण चेक तुम्हीच दिलेला, खात्यात रक्कम असून बँकेनं विनाकारण परत केला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 31 नुसार नुकसानभरपाई बँकेनं द्यायची. ग्राहकाची चूक नसताना रिटर्न चार्जेस कापता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तरी कापले जातात, म्हणून पासबुक तपासा.

तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. ‘साहेब बघतील’ ही पोच नव्हे. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी क्रमांक 14448.